अब्दालीला गांधीजी दिसायचे

वर्ध्याच्या माणसाकडे पाहुणे दोनच कारणांनी येतात. एक लग्न आणि दुसरं सेवाग्राम. लग्नाचे पाहुणे जेवून जातात, सेवाग्रामच्या पाहुण्यांना इतिहास वाढावा लागतो. मी ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे हे वाढप्याचं काम सोयऱ्याधायऱ्यांनी माझ्याकडे कायमचं लावून दिलं आहे. कार्यक्रम ठरलेला. पहिल्या दिवशी तर्री-पोहे, दुसऱ्या दिवशी सकाळी बापूकुटी, संध्याकाळी पवनारला धाम नदीचा काठ, तिसऱ्या दिवशी गोरसपाकाचे दोन पुडे हातात देऊन स्टेशन. इतक्या वर्षांत यात पुड्यांच्या किमतीशिवाय काही बदललं नाही.

२०२५ च्या मे महिन्यात साळभाऊ पुण्याहून सहकुटुंब आले. मे महिन्यात पुण्याहून वर्ध्याला येणारा माणूस एक तर फार प्रेमळ असतो, नाही तर त्यानं हवामानाची बातमी बघितलेली नसते. साळभाऊ दुसऱ्या प्रकारातले. सोबत त्यांचा धाकटा होता, सहावीतला. फेब्रुवारीत 'छावा' लागल्यापासून त्यानं तो तीनदा थेटरात आणि नंतर मोबाइलवर किती वेळा पाहिला याचा हिशेब त्याच्या आईनं सोडून दिला होता. "याला इतिहासाची फार आवड आहे हो भाऊजी," ती म्हणाली. मी गहिवरलो. ३४ वर्षांत असं वाक्य कुठल्या पालकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आश्रमात गेलो. माझं भाषण तयार असतंच. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला या गावात आले, तेव्हा याचं नाव शेगाव होतं, बापूंची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जायची आणि तिकडची इकडे यायची, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम असं नाव ठेवलं. हे सगळं मी इतक्यांदा सांगितलंय की गेटपासून बकुळीच्या झाडापर्यंत जायला जेवढी पावलं लागतात, तेवढीच वाक्यं झाली आहेत. बापूकुटीत शिरलो. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली चटई, एक बुटकं डेस्क. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा. बाहेर फुफाटा आणि आत माठातल्यासारखा गारवा. पोरगा सगळीकडे बघत होता. मला वाटलं, भारावला.

"काका, हा सेट आहे की खरं आहे?"

"खरं आहे."

"मग एवढं साधं का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला चांगला अर्धा तास लागतो आणि ते मला आवडतं. मी घसा खाकरला. "कारण इथे गांधीजी राहायचे..."

"माहितीये. मुन्नाभाईला दिसायचे ते." मग त्यानं जरा विचार केला. डोळ्यांत एकदम प्रकाश पडला. "म्हणजे अब्दालीला गांधीजी दिसायचे!"

मी चटईकडे बघत राहिलो. साळभाऊ कवेलूंकडे बघत राहिले. पोरानं जोडणी बरोबर केली होती. २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई' मध्ये संजय दत्तला गांधीजी दिसतात, आणि २०१९ च्या 'पानिपत' मध्ये अहमदशाह अब्दाली कोण, तर संजय दत्त. आता ज्याला बापू दिसतात तो सुधारायला हवा, आणि हा तर पुढे जाऊन पानिपत करतो. कालक्रम थोडा उलटा आहे, पण सहावीत कालक्रम पाच मार्कांचाच असतो.

एकदा दार उघडल्यावर मग धरणाचं पाणीच. "आणि काका, औरंगजेब गांधीजींचा मुलगा होता." हेही खरं निघालं. 'छावा' मधला औरंगजेब म्हणजे अक्षय खन्ना, आणि २००७ च्या 'गांधी, माय फादर' मध्ये बापाशी आयुष्यभर न पटलेला हरिलाल म्हणजे पुन्हा अक्षय खन्ना. बापाशी न पटणं हा धागा दोन्हीकडे आहे, हे मला कबूल करावं लागलं. औरंगजेबानं बापाला आग्र्याच्या किल्ल्यात ठेवलं, हरिलालनं तेवढं तरी केलं नाही.

आमच्या घरातून या पोराला आवर बसेल, असं मला वाटलं होतं. पण बा कुटीच्या दारात आमची ही कपाळाला हात लावून उभी राहिली आणि हळहळली, "बिचारीनं काय काय सोसलं. आणि शेवटी सुना अशा निघाल्या." बांच्या सुनांनी काय केलं हे मला आठवेना. मग लक्षात आलं. १९८२ च्या 'गांधी' मध्ये कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी, आणि त्याच रोहिणीताई पुढे 'चार दिवस सासूचे' मध्ये आशालता देशमुख होऊन एका तपाच्या आसपास रोज संध्याकाळी आमच्या घरात वावरल्या. हिच्या मनात बा आणि आशालताबाई एकाच देवघरात बसल्या आहेत. बापूंचं म्हणाल तर 'लगे रहो' मधले बापू म्हणजे दिलीप प्रभावळकर, म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा. त्यामुळे आमच्या घरापुरतं स्वातंत्र्य हे टिपरे आबा आणि देशमुखांच्या सासूबाई यांनी मिळवून दिलेलं आहे. व्हाइसरॉयची काय बिशाद होती.

आता इथे मी मास्तरकीच्या उंचीवरून हसू शकलो असतो. हसलो नाही, कारण माझंच घर काचेचं. मला मनातल्या मनात छत्रपती शिवाजी महाराज आठवायचे झाले, तर ज्यांचा चेहरा येतो ते नसीरुद्दीन शाह असतात. १९८८ मध्ये दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली, ५३ भागांची. त्यात नसीरुद्दीन महाराज होते आणि ओम पुरी औरंगजेब. त्याच वर्षी नसीरुद्दीन मिर्झा ग़ालिबही झाले. पुढे २००० मध्ये 'हे राम' आला, त्यात तेच गांधीजी. माझ्या डोक्यात मराठी दौलत, उर्दू गझल आणि असहकार या तिन्ही खात्यांचा कारभार एकाच माणसाकडे आहे. नेहरू म्हटलं की रोशन सेठ. 'गांधी' मध्येही तेच, 'भारत एक खोज' मध्येही तेच. खुद्द नेहरूंचा फोटो समोर आला की मला वाटतं, या माणसाचा मेकअप नीट जमलेला नाही.

माझ्या वडिलांचे महाराज वेगळे होते. त्यांचे महाराज चंद्रकांत मांढरे, भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या चित्रपटातले. माझ्या मुलांचे अमोल कोल्हे. आणि कोल्ह्यांनी तर पुढे आणखी एक पेच घातला. २००८ च्या मालिकेत ते महाराज, २०१७ च्या मालिकेत शंभूराजे. आमच्या मुलीला बरेच दिवस वाटायचं की महाराजच पुन्हा तरुण झाले. साळभाऊंच्या पोराचे महाराज 'तान्हाजी' तले शरद केळकर. एकदा दिवाळीत तीन पिढ्या एका ताटाभोवती बसल्या होत्या आणि 'महाराज दिसायचे कसे' यावरून वाद पेटला. वडिलांनी "खरे महाराज चंद्रकांतच!" असा निकाल देऊन चिवड्याची वाटी पुढे सरकवली. गंमत म्हणजे हा घोळ सिनेमाच्याही आधीचा आहे. इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं पुजलं. वा. सी. बेंद्र्यांनी परदेशी कागदपत्रांतून महाराजांच्या काळातलं चित्र शोधून आणलं, तेव्हा कुठे तो प्रकार थांबला. म्हणजे भूमिकेसाठी चुकीचा माणूस निवडण्याची आपली परंपरा टाकीजपेक्षा जुनी आहे.

पण या सगळ्यात आठवणींवरचा माझा विश्वास ज्यामुळे उडाला ती गोष्ट आमच्या आजीची.

'गांधी' भारतात लागला १९८२ च्या नोव्हेंबरअखेर. मी तेव्हा अकरावीत होतो. वर्ध्याच्या टाकीजमध्ये आला तेव्हा अख्खा गाव सिनेमा बघायला नाही, हजेरी लावायला गेला. आपल्याच घरच्या माणसावर इंग्रजानं सिनेमा काढलाय म्हटल्यावर जाणं भाग होतं. तीन तासांहून मोठा सिनेमा. अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी दिल्लीत ३१ जानेवारी १९८१ ला सुमारे ३ लाख माणसं जमवली होती, असं वर्तमानपत्रात आलं होतं. आमच्या शेजारचे काका त्या गर्दीत ओळखीचं कोण दिसतं ते शोधत होते. सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले. त्यातलं एक वेशभूषेचं, कोल्हापूरच्या भानू अथय्यांना, एका इंग्रज सहकाऱ्यासह. भारतीय माणसाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. ज्या गृहस्थानं आयुष्यभर अंगावरचे कपडे कमी कमी करत नेले, त्याच्या सिनेमाला कपड्यांचं बक्षीस मिळावं, याला म्हणतात नशीब.

तर आजी. आजीनं बापूंना खरोखर पाहिलं होतं. तिचं माहेर सेवाग्रामच्या वाटेवरचं. लहानपणी बापू फिरायला निघाले की रस्त्याच्या कडेला पोरं उभी राहायची, त्यात ती. एकदा बापूंनी तिला "नखं काप" असं सांगितलं होतं म्हणे. आमच्या घराण्याचा राष्ट्रीय चळवळीतला सहभाग तेवढाच. आम्ही तिला रिक्षात घालून टाकीजमध्ये नेलं. दांडीयात्रा सुरू झाली आणि अंधारात आजी मोठ्यानं बोलली, "हे काही बापू नोहे बापा! बापू असे रमतगमत चालत होते का? मांगं पोट्ट्यायले पयत जा लागे!" दोन रांगा हसल्या. कोणीतरी "आजीबाई, बसा" म्हणालं. ती बसूनच होती.

मला तेव्हा फार अभिमान वाटला. ऑस्करवाल्यांच्या समोर आमची आजी म्हणजे अस्सल साधन, प्राथमिक पुरावा.

दोनेक वर्षांनी कॉलेजात प्रकल्प होता, 'गांधीजींना पाहिलेल्या व्यक्तीची मुलाखत'. मी वही-पेन घेऊन आजीसमोर बसलो. "आजी, बापू दिसायला कसे होते?" तिनं सुपातले तांदूळ निवडत सांगितलं, "कसे म्हंजे? त्या शिनेमातल्यासारखे. अस्सेच." "अन् चालणं?" "हळूहळू चालत. काठी टेकत टेकत. मिठाले गेले होते ना." "आणि नखांचं?" आजी थांबली. "ते मले सांगतलं होतं का त्या शिनेमातल्या पोरीले?"

बेन किंग्जलेनं आमच्या आजीच्या डोक्यातून खऱ्या गांधीजींना उठवून स्वतः चटईवर बैठक मारली होती. मी वहीत काय लिहिलं ते आता विचारू नका. मला चांगले मार्क पडले.

त्यात आवाजाची भानगड वेगळी. हिंदीतल्या 'गांधी' मध्ये किंग्जलेचा आवाज होता पंकज कपूर यांचा. १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'करमचंद' सुरू झालं, गाजर खाणारा गुप्तहेर, तोही पंकज कपूरच. आमच्या शटरच्या टीव्हीतून तो आवाज आला की आजी पदर सावरून बसायची. गाजराकडे तिनं फळाहार म्हणून दुर्लक्ष केलं.

अशा घरातून निघून मी इतिहासाचा मास्तर झालो, त्यामुळे पेपर तपासताना माझा हात जरा सैलच राहिला. अनारकलीचं काय झालं, असा प्रश्न मी चुकूनही कधी काढला नाही, पण पोरं न विचारता लिहायची. ज्यांच्या घरी १९५३ चा 'अनारकली' पाहिला गेला होता, त्यांच्या उत्तरात ती भिंतीत चिणली जायची. ज्यांच्या घरी १९६० चा 'मुगल-ए-आझम' होता, त्यांच्या उत्तरात अकबर तिला भुयारातून गुपचूप सोडून द्यायचा. घरातली कॅसेट कोणती, यावर अनारकलीचं जगणं-मरणं अवलंबून. अकबराच्या दरबारी इतिहासात बाईंचा पत्ताच नाही, हे सांगितलं की पोरांचे चेहरे असे पडायचे की जणू तिला मीच चिणली.

२०१५ च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' आला. त्या वर्षीच्या पेपरांत बाजीरावाचा मृत्यू नदीच्या पाण्यात, न दिसणाऱ्या शत्रूवर तलवार चालवत झाला. एकानं तर कंसात 'सूर्य मावळत होता' असंही लिहिलं. नर्मदेकाठी रावेरखेडीला, एप्रिल १७४० मध्ये, ताप येऊन, हे पुस्तकातलं उत्तर त्याच्यापुढे अगदीच फिकं. मी नर्मदेचा अर्धा मार्क दिला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या की नाही यावर पुण्यात रणकंदन झालं, आमच्याकडे मात्र हा वाद हळदीच्या कार्यक्रमांनी निकाली काढला. त्या उन्हाळ्यात देवळी ते हिंगणघाट एकही मांडव असा नव्हता जिथे नवरीच्या दोन जावा नऊवारीत पिंगा घालत नव्हत्या. ज्या दोघींचं एरवी चुलीवरून पटत नाही, त्या दोघींचं भन्साळींनी पटवलं.

'लगे रहो' नंतरचा अनुभव मात्र खाजगी आहे. मी सहामाहीचे पेपर तपासायला उशीर करत होतो. दीड महिना झाला. एके सकाळी वर्गात टेबलावर गुलाबाचं फूल, सोबत चिठ्ठी, 'सर, लवकर बरे व्हा.' दुसऱ्या दिवशी बारा फुलं. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, "तुमची तब्येत बरी नाही का?" मी दोन रात्री जागून गठ्ठा संपवला. बापूंच्या कर्मभूमीत राहून सत्याग्रहाचा पहिला प्रत्यक्ष चटका मला मुंबईच्या सिनेमामुळे बसला. एवढंच वाटतं की त्याच सिनेमात मुन्ना नावाचा गुंड तीन दिवस तीन रात्री वाचनालयात बसून गांधी वाचून काढतो. ते दृश्य बघून माझ्या वर्गातलं कोणीही वाचनालयात गेलं नाही. गुलाब स्वस्त पडतो.

सिनेमाच्या सुरुवातीला एक पाटी येते. 'हा चित्रपट ऐतिहासिक सत्याचा दावा करत नाही, मनोरंजनासाठी स्वातंत्र्य घेतलं आहे, अमुक कादंबरीवर आधारित आहे.' ही पाटी बरोब्बर तेव्हा येते जेव्हा अख्खं थेटर मोबाइलच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधत असतं आणि कोणाच्या तरी समोशाची चटणी कोणाच्या तरी पायावर सांडलेली असते. पूर्ण सिनेमात तेवढं एक वाक्य निर्विवाद खरं असतं आणि तेच कोणी वाचत नाही. 'छावा' शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे, 'बाजीराव मस्तानी' ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' वर. म्हणजे इतिहासातून कादंबरी, कादंबरीतून पटकथा, पटकथेतून गाणं आणि गाण्यातून हळद. चहा उकळत उकळत चौथ्या पातेल्यात गेला की त्यात चहापत्ती किती उरते, ते चहावाल्यालाच विचारावं.

२०२५ च्या मार्चमधली बुऱ्हाणपूरची बातमी तुम्ही वाचली असेल. 'छावा' त मराठे मोगलांचं श्रीमंत बुऱ्हाणपूर लुटतात. तशी स्वारी १६८१ मध्ये झालीच होती. सिनेमा बघून असीरगडाच्या आसपासच्या शेतांत लोक रात्री टॉर्च, चाळण्या आणि धातू शोधायचं यंत्र घेऊन मोगली मोहरा खणायला लागले. मला त्यांच्या लोभाचं काही वाटलं नाही. दुष्काळी भागात माणूस कशासाठीही खणतो. मला वाटलं ते असं की यांनी सिनेमा नीट बघितला नाही. मराठ्यांनी खजिना उचलून नेला, हेच तर पडद्यावर दाखवलं होतं! जिथून नेला तिथे खणायचं की जिथे नेला तिथे?

ही बातमी मी पोराला पवनारला, धामच्या काठावर बसून सांगितली. नदीत पाणी घोट्याइतकं. वर विनोबांचा आश्रम. म्हटलं, बाबा, खणण्याचीच हौस असेल तर हे बघ. विनोबा १९३८ मध्ये इथे राहायला आले. जमीन खणता खणता त्यांना दगडात कोरलेली भरत-राम भेटीची मूर्ती सापडली. आणखीही शिल्पं निघाली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या वाकाटकांची प्रवरपूर राजधानी हेच पवनार, असं वा. वि. मिराशींसारख्या पंडितांचं मत होतं. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोनं नाही सापडलं?"

"नाही."

"मग सिनेमा नाही निघणार," त्यानं व्यावसायिक मत दिलं.

तिसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायच्या आधी त्यांना केळझरला नेलं. केळझरचा सिद्धिविनायक आहे, आणि गावाची पक्की समजूत आहे की हीच महाभारतातली एकचक्रानगरी, इथेच भीमानं बकासुर मारला. ही समजूत फार जुनी, पण तिला खरं बळ आलं ते टीव्हीमुळे. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं तो दिवस मला लख्ख आठवतो. २ ऑक्टोबर १९८८, रविवार. गांधीजयंती! तिकडे आश्रमात सूतकताई आणि प्रार्थना, इकडे घराघरात शंख. अहिंसेच्या जिल्ह्यात, अहिंसेच्या वाढदिवशी, भाऊबंदकीची सगळ्यात मोठी लढाई सुरू करण्याचा मुहूर्त ज्यानं काढला त्याला नमस्कार. आमचे एक गांधीवादी गुरुजी हातात टकळी घेऊनच शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले. "मी बघत नाही, कातून रायलो," असं ते म्हणाले. सूत तीनदा तुटलं.

त्या मालिकेतला भीम म्हणजे प्रवीणकुमार, आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलेला गडी. आयुष्यभर थाळी फेकली आणि भूमिका मिळाली थाळी चाटूनपुसून रिकामी करणाऱ्याची. केळझरला तेव्हा माझा एक मित्र होता. बकासुराचा भाग होता त्या दिवशी गावातल्या लोकांनी टीव्हीसमोर बसून आपलं गाव शोधलं आणि सापडलं नाही म्हणून ते नाराज झाले. "आपली टेकडी नाही दाखवली," अशी तक्रार. एवढ्यावर भागलं नाही. कोणी म्हणे चोप्रांना पत्र लिहू. आर्वीच्या पलीकडे, वर्धा नदीच्या काठावरच्या कौंडिण्यपूरच्या लोकांचंही असंच. रुक्मिणीचं माहेर ते. सासरच्या मंडळींवर एवढ्या मालिका निघाल्या, पण माहेरची बाजू कोणी विचारली नाही.

हेच आमचं जुनं दुखणं आहे. 'भारत छोडो' म्हटलं की पडद्यावर मुंबईचं गवालिया टँक मैदान येतं, ८ ऑगस्ट १९४२. पण काँग्रेस कार्यकारिणीनं तो ठराव आधी वर्ध्यात बसून केला, १४ जुलैला. घोडे नाहीत, तोफा नाहीत. खादीतली काही माणसं उकाड्यात गादीवर बसून मसुद्यातले शब्द खोडताहेत. यावर कोण सिनेमा काढणार? मसुदा दुरुस्त करताना वाजवायला कुठलं संगीत द्यायचं? आष्टीला मात्र त्याच ऑगस्टच्या १६ तारखेला, नागपंचमीच्या दिवशी, लोकांनी पोलीस ठाण्यावर चाल केली, गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. तिथे तर सिनेमाला लागतं ते सगळं होतं. तरी अजून कोणी कॅमेरा घेऊन आलेलं मला माहीत नाही.

गाडी तासभर उशिरा होती. प्लॅटफॉर्मवरच्या पंख्याखाली बसून पोराला म्हटलं, तुला घोडेच हवेत ना? मग ऐक. हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. पुण्याच्या पेशव्यांवर सिनेमे निघाले, पण आमच्या रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार १७४२ पासून थेट बंगालमध्ये जाऊन धडकत होते. इतकी दहशत की बंगालमधल्या आया आजही मूल झोपवताना अंगाईत 'बर्गी आले' म्हणतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. इथून हजारेक किलोमीटरवर कोणाचं तरी तान्हं बाळ रोज रात्री नागपूरकरांचा इतिहास शिकून झोपतं आणि आपल्याला पत्ता नाही. सेनापती होते भास्करराम कोल्हटकर. त्यांना १७४४ मध्ये अलिवर्दी खानानं बोलणीला म्हणून तंबूत बोलावलं...

पोरगा चिप्स खायचा थांबला. "मग?"

"मग काय. दगा."

"आणि आपण चांगले होतो की वाईट?"

हा प्रश्न ३४ वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. मी जरा चाचरलो. म्हटलं, बंगालमध्ये विचारशील तर तिथे आपण लुटारू. गावं जाळली, शेतकरी पळाले, हे त्यांच्याकडे लिहून ठेवलंय. तो काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच असा भाव होता की पिक्चर कुठल्या बाजूनं बघायचा ते ठरत नाहीये. तेवढ्यात गाडी आली. पुडे खिडकीतून आत दिले. त्यातला एक प्लॅटफॉर्मवरच फुटला.

आठवड्यानं त्याच्या आईच्या मोबाइलवरून व्हॉट्सअॅप आला. 'काका, अलिवर्दी खाननी तंबूत बोलावल्यावर भास्करराम एकटे गेले का? बरोबर कोण होतं? त्यांना संशय आला नाही का? आणि नंतर रघूजींनी काय केलं?' एका दमात चार प्रश्न. चष्मा लावून मी कपाटातून जुनी पुस्तकं काढली. दोन अंगठ्यांनी टाइप करत पाऊण तास घेतला. सोबतचे सरदारही मारले गेले, मागची फौज परत फिरली, मग स्वतः रघूजी चालून गेले, आणि शेवटी १७५१ मध्ये तह होऊन ओरिसा भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथाई ठरली, असं सगळं सविस्तर लिहिलं. शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकलं, 'आणखी शंका असल्यास विचारावी.'

दोन निळ्या खुणा आल्या. मग 'टाइप करत आहे'. मी श्वास धरून बसलो.

'भास्कररामचं काम कोण करेल?'

मी 'इतिहासात असे प्रश्न विचारत नाहीत' असं लिहिलं आणि पुसलं. चहा आला, थंड झाला. मनात एक-दोन चेहरे येऊन गेले. पुन्हा मोबाइल घेतला आणि लिहिलं, 'नसीरुद्दीन शाह चालले असते, पण आता वय झालं. अलिवर्दीसाठी मात्र माझ्या डोक्यात एक नाव आहे.'